भिमाबाईंचा स्टॉप

लेकानं लाज पार कोळून प्यायली होती. कंपनीची बस दारात हॉर्न देत होती आणि हा चाळिशीचा घोडा कालच्याच कपड्यांत आडवा, तोंडाला देशीचा भपकारा. भिमाबाई ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायला वाकल्या, तर शेखर डोळे न उघडताच म्हणाला, "आये, अजिमला सांग, ताप आलाय."

जसा काही बायकोला चहा टाकायला सांगतोय. बायको, साधना, कधीच तळेगावला माहेरी निघून गेली होती.

बाकी भोसरीसाठी बस नाक्यावर थांबायची, फक्त इथं दारात. जुन्या घराचा मान. बसवाले त्याला 'भिमाबाईंचा स्टॉप'च म्हणायचे. लिंबूपाणी पाजून, बटणं लावून भिमाबाई लेकाला बसमध्ये चढवायच्या. उभाच राहिला नाही, तर ताप आला म्हणायच्या. मागच्या आठवड्यात झोकांडी जाऊन त्याचा हात प्रेस मशीनखाली गेला होता. शेजारच्यानं ओढला म्हणून वाचला. बसच्या ड्रायव्हरनं, अजिमनं, हळूच सांगितलं होतं.

भिमाबाईंनी फडकं बादलीत टाकलं आणि रोजच्यासारखा अजिमचा चहा घेऊन बाहेर आल्या.

"आई, शेखरभाऊ?"

बसच्या खिडक्यांत निम्मी गावातलीच तोंडं. 'ताप आलाय' अगदी ओठांवर आलं होतं.

"दारू पिऊन पडलाय. तसंच सांग तुझ्या सायबाला."

अजिमनं बसमधलं गाणं बंद केलं. "आई, एवढ्या लोकांत कशाला..."

"आन् उद्यापासनं हितं थांबू नगंस. शुद्धीत असला तर येईल नाक्यावर चालत."

"मग माझा चहा?" अजिम हसला. कुणीच हसलं नाही.

"कुत्र्याला पाजीन. जा, उशीर हुतोय तुला."

बस गेली. चहा हातातच राहिला. या दारात 'आई' म्हणणारं उद्यापासून कुणी नव्हतं. वरच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं शिफ्टला यायची-जायची, मोबाइलमधून मान वर करायची नाहीत. तो चहा भिमाबाईंनी उभ्यानंच पिऊन टाकला. गार झाला होता.

आत शेखर उठून बसला होता. "सांगितलंस?"

"सांगितलं. खरं ते."

"आये! नोकरी जाईल की माझी!"

"जाऊ दे. हात तरी ऱ्हाईल. भाकरी टोपल्यात हाय, कवाबी खा. दारू सोडाया दवाखान्यात चल म्हनलास, तर हाय त्या लुगड्यावर येते, तितं पायरीवर बसून ऱ्हाते. पर तुझ्या दारूला ताप म्हनायचं मी सोडलं, शेखर. आजपासनं तुझं तोंड तूच धू."