मिस रूपकलाचा आवाज

"आई, आज तंबूच्या दारात बसायचं न्हाई," सहादू म्हणाला. अंगणात बैल आडवा पाडून तो त्याच्या खुराला लोखंडी पत्री ठोकत होता, आणि पत्री ठोकताना तो कधी वर बघत नसे.

भागीरथी चुलीपुढून उठली नाही. "मग बायांची तिकिटं कोन फाडनार? आप्पासायब?"

"कुनी का फाडंना. रतनला बगायला पावनं येत्यात. राहात्याकडचं, कालव्याच्या पान्यावरचं घर हाय. त्यांच्यापुढं शिनेमाचं नाव काढू नगंस. येवढं आईक माझं."

त्या साली पावसानं साफ तोंड फिरवलं होतं. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल विकणारे फार आणि घेणारे कमी. आता विकायच्या बैलाला पत्री कोण ठोकून घेणार? सहादूचा धंदा पार बसला होता. अशात हुंड्याशिवाय, नुसत्या नारळावर मुलगी न्यायला तयार असलेलं, विहिरीला पाणी असलेलं स्थळ आपण होऊन दारात येत होतं. भागीरथीलाही नातीच्या डोक्यावरचे हंडे उतरलेले बघायचे होते. म्हणून ती "बरं" म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द निघायला एरवी सणवार लागायचा.

भागीरथीचं सिनेमाचं प्रकरण गावाला ठाऊक होतं, पण कुणी नीट विचारलेलं नव्हतं. तिचा बाप पुण्यातल्या एका सिनेमा कंपनीची घोडी सांभाळायचा. मूकपटाचे दिवस ते. एकदा घोडीवरून उडी टाकायचं काम आलं आणि कंपनीची नाजूक नायिका घोडीच्या शेपटीजवळही जाईना. तेव्हा तबेल्यात शेण भरणाऱ्या भागीला बोलावलं. तिनं उडी टाकली, वर पदर खोचून "पुन्यांदा टाकू का?" म्हणून विचारलं. मालकानं तिथंच तिचं नाव मिस रूपकला ठेवलं. पुढं दोन-तीन वर्षं मिस रूपकला तलवारी फिरवत होती, कड्यावरून दोर धरून उतरत होती, आणि भिंतीवरच्या कागदांवर तिचं तोंड ताटाएवढं छापलं जात होतं.

मग बोलपट आला. माइकपुढं उभं करून मालकानं तिला एकच वाक्य म्हणायला लावलं. तिनं ते म्हटलं आणि मालक हसला. "बाई, हा आवाज गुरं हाकायला ठीक आहे," असं तो म्हणाला. तबेल्यापर्यंत सगळे हसले. भागीरथी बापाबरोबर गावी आली, कोंडीराम नालबंदाशी लग्न केलं, आणि त्या हसण्याबद्दल नवऱ्यालासुद्धा कधी बोलली नाही. गावानं मात्र 'शिनेमावाली' हे नाव तिच्या पदराला बांधून ठेवलं. सहादू त्या नावापायी शाळेत मारामाऱ्या करून शेवटी शाळाच सोडून बसला होता. कोंडीराम गेला तरी नाव काही गेलं नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात आप्पासाहेबांचा सिनेमाचा तंबू यायचा. मधोमध पडदा, पुढून पुरुष आणि मागून बाया. मागून चित्र उलटं दिसतं, त्यामुळे काष्टीतल्या बायांच्या हिशेबी जगातले सगळे हिरो डावखुरे होते. बायांच्या दारात तिकिटं फाडायचं काम भागीरथीनं मागून घेतलं होतं. तंबूचा मुक्काम असेपर्यंत रोज एकच सिनेमा, आणि ती रोज तो पहिल्यांदाच बघतेय असा बघायची.

दुपारी पाहुणे आले. श्रीमंतराव, म्हणजे मुलाचे वडील, बाजारात स्वस्तात बैलजोडी घ्यायच्या निमित्तानंच निघाले होते. त्यांना जोडी पसंत पडली आणि रतनही. "सकाळी सुपारी फोडू आन् मग निगू," ते म्हणाले. सहादूच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रक्त आलं. आणि तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "तंबू लागल्याला दिसतोय. आलोच हाय तर खेळ बगू की."

नाही कोण म्हणणार? दिवेलागणीला सगळे तंबूत गेले. आज दारात आप्पासाहेबांचा माणूस होता. भागीरथी डोईवर पदर घेऊन, रतनला खेटून बायांत बसली.

सिनेमा रंगात आला. सासू सुनेला घराबाहेर काढणार, एवढ्यात मशीनमध्ये खट्ट झालं आणि आवाज गेला. पडद्यावर सासू हात नाचवतेय आणि तोंडातून फुंकर निघत नाही. मशीनमध्ये आवाजासाठी एक बारका दिवा असतो, तो उडाला होता आणि दुसरा नगरला मिळायचा. पुरुषांकडून शिट्ट्या सुरू झाल्या. मग "पैसं टाका परत!" मग एक ढेकूळ पडद्यावर येऊन आदळलं. दुष्काळातलं माणूस आधीच तापलेलं असतं. कुणीतरी तंबूचा दोर सोडायला लागलं. आप्पासाहेबांनी जाहिरातीचा माइक हातात घेऊन हात जोडले, पण ऐकतो कोण.

ते तसेच बायांच्या बाजूला आले. "बाई, ह्यो समदा शिनेमा तुमाला पाठ हाय. उभ्या ऱ्हावा. तंबू फाटला तर मी कुटं जाऊ?"

भागीरथीनं माइककडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्याचं तोंड फार काही बदललेलं नव्हतं. पडद्याच्या पलीकडं श्रीमंतराव बसले होते, आणि त्यांच्या शेजारी तिचा मुलगा, ज्याला तिनं सकाळीच शब्द दिला होता.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "पोरीची सुपारी हाय सकाळी."

रतन कानाशी लागली. "आज्जे, ऊठ. मला न्यायाचं तर तुज्यासकट नेतील, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

भागीरथी उठली. पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, जिथून पुरुषही दिसत होते आणि बायाही. तिनं पदर खोचला.

"आता ही सासू काय म्हंतीया ते आईका," ती माइकमध्ये म्हणाली, आणि तिचा तो जाडाभरडा आवाज कर्ण्यातून बाजारतळावर पसरला. ढेकूळ उगारलेला हात तसाच राहिला.

मग पडद्यावरची सासू काष्टीची होऊन बोलायला लागली. सून बोलली, दारुडा सासरा बोलला, कपटी पाटील बोलला, आणि प्रत्येकाचं तोंड मिटायला आणि भागीरथीचं वाक्य संपायला एकच गाठ पडत होती. ओठांकडं बघून बोलणं तिच्या अंगात मुरलेलं होतं. मूकपटात ती आणि तिचे सोबती डोळ्यांत पाणी आणून एकमेकांना "तुजी भाकर करपली" असलं काहीबाही म्हणत असत. गाणं लागलं की ती सांगे, "ही आता गानं म्हनती. तवर ल्हान पोरांना मुतवून आना." तंबू हसून हसून लोळे. आणि शेवटी सुनेनं उंबऱ्यावर डोकं ठेवलं तेव्हा भागीरथी फक्त एवढंच म्हणाली, "आई, मी आले." बाया हुंदके देऊन रडल्या. पुरुषांच्या बाजूला कुणी बिडीसुद्धा पेटवली नाही.

खेळ सुटल्यावर श्रीमंतराव दाराशी थांबले. राग नव्हता, पण चेहरा बंद झाला होता. "सहादबा, तुमच्या आई शिनेमात हुत्या हे लोकांकडनं कळलं. आदी सांगाया पायजे हुतं."

सहादूनं मान खाली घातली. शाळेपासून घालत आलेलीच मान ती. भागीरथीला ते लांबून दिसलं आणि आपण काय करून बसलो हे तिला कळलं. मग सहादूनं मान वर केली.

"खरं हाय, चुकलंच," तो म्हणाला. "आता सांगतो. ही माझी आई. घोडीवरनं उडी टाकायची, कड्यावरनं उतरायची. तवा पुरुषमानसं दुसऱ्याला पुढं करायची आन् ही सोता जायाची. आज तिनं तंबू वाचवला. आमच्या घरात सांगन्यासारखं हेच हाय बगा, बाकी काय न्हाई."

श्रीमंतराव "कळवतो" म्हणाले. सकाळी पहिल्या एसटीनं पाहुणे निघाले, बैलजोडी त्यांच्या माणसाबरोबर पायी गेली, आणि सुपारी ताटात तशीच राहिली. रतननं ती उचलून डब्यात ठेवली आणि हंडे घेऊन पाण्याला गेली. जाताना ती वाकून आजीच्या पाया पडली.

भागीरथी ओट्यावर बसून होती. रात्रभराच्या जागरणानं डोळे लाल झाले होते. "माज्यापायी मोडलं रे," ती म्हणाली.

अंगणात सहादूनं एक बैल पाडला होता. बाजारातून न विकता परत निघालेला, लांबच्या वाटेसाठी पत्री ठोकून घ्यायला आलेला. मालक चहा प्यायला गेला होता. सहादू खुराशी बसला होता, खाली बघत.

"आई."

"काय?"

"त्या पुन्याच्या कंपनीत. आज्जा सांगायचा, माइकापुढं तुला म्हनाया लावलं हुतं ते. काय हुतं?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भागीरथी ओट्यावरून उतरली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदर सारखा केला, आणि समोर कुणी राजा बसला असावा तशी मान ताठ करून म्हणाली,

"म्हाराज, ही मान तुटंल, पर वाकायची न्हाई."

बांधलेल्या बैलानं कान टवकारले. सहादूनं हातोडा खाली ठेवला आणि वर बघितलं.

"पुन्यांदा म्हन," तो म्हणाला.