नोव्हायमधली गिरणीची गोष्ट

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी बोलतेय. वय विचारू नका, माझ्या गोष्टीत अजून दम आहे. गिरणीमालकाची मुलगी एका विणकराच्या प्रेमात पडते आणि त्याच सुमारास तिचे वडील नवी यंत्रं आणून विणकरांना घरी बसवतात. एवढ्या भांडवलावर मी कितीतरी पिढ्यांना रडवलंय.

माझी ही प्रत छापली इंग्लंडात. कुणाच्या तरी सामानातून मिशिगनला आले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खात पडले. तिथल्याच नोव्हाय गावच्या शैलाताईंनी मला उचललं, ते त्यांच्या मराठी वाचनकट्ट्यासाठी. तिथली रीत अशी, की ज्यांच्या घरी कट्टा त्यांनी एक प्रकरण वाचायचं, तेही लगेच मराठीत सांगत. शैलाताई वाचायला लागल्या की माझा विणकर थेट नागपूरचा वाटायचा. "अहो, काम काय बघता, माणूस बघा!" असं त्या माझ्यातल्या गिरणीमालकाला ठणकावायच्या आणि डोळे पुसायच्या.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात? नवरा गुरुनाथ मोटारींच्या कारखान्यात रोबॉट बसवणारा इंजिनिअर. मुलगी सिया, तिचं प्रेम अक्षतवर. अक्षत ओळखीतल्या राजीवकाकांचा मुलगा, पण इंजिनिअरिंग अर्धवट सोडून त्याच कारखान्यात लाइनवर गाड्या जोडणारा. रोबॉट आले, अक्षतची लाइन बंद झाली. त्याला टेनेसीत काम मिळालं आणि सिया त्याच्याबरोबर जायला निघाली. शैलाताईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. "मराठी मुलगा, आणि लाइनवर? लोकांना काय सांगू?" लोक म्हणजे कट्ट्यावरच्या चार बायका. मला हसावं की रडावं कळेना.

आज शेवटचं प्रकरण शैलाताईंकडे होतं. माझी नायिका घर सोडून निघाली होती, तेवढ्यात सिया बॅग घेऊन जिन्यावरून खाली आली. शैलाताई वाचता वाचता थांबल्या.

"वाच ना गं पुढे," कट्ट्यावरच्या राधिकाताई म्हणाल्या. "बाप थांबवतो की नाही तिला?"

सिया दाराशी थांबली. "आई, त्या विणकरासाठी यू क्राय एव्हरी टाइम. अक्षतसाठी का नाही?"

शैलाताईंचा चेहरा पाहून माझाच जीव गलबलला.

त्यांनी मला सोफ्यावर उपडं टाकलं आणि तशाच अनवाणी ड्राइव्हवेवर गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. अक्षत गाडीत सामान भरत होता.

"अक्षत, आत ये. जेवून निघायचं."

"इट्स ओके काकू, मी बाहेरच थांबतो."

"आमच्याकडे जावई बाहेर थांबत नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं.

तेव्हापासून मी अशीच पालथी पडलेय. पाठ दुखतेय, शेवटची पानं वाचायची राहिलीत आणि राधिकाताईसुद्धा माझ्या गिरणीमालकाला विसरून पोळ्या लाटायला गेल्यात. माझा शेवट चांगला आहे, पण तो कुठे पळून जात नाही. तेव्हा कृपा करून आत्ता कुणी मला उचलू नका. आत गुरुनाथ आणि अक्षत एका टेबलाशी जेवायला बसलेत आणि शैलाताई सियाला विचारतायत, टेनेसीत कढीपत्ता मिळतो का गं?