विंडो बंद करायची नाही

“ज्या बुवाला लेकराची जन्मवेळ लागती, त्याच्या दारात जाऊ नये पोरी,” खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. मी चपला घालता घालता हसले. म्हटलं, “काकू, हे अंगाऱ्या-धुपाऱ्याचं नाही. कॉम्प्युटरचं आहे.”

मारुंजीतल्या त्या हॉलबाहेर चपलांचा ढीग होता आणि आत मांडीवर लॅपटॉप घेतलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. आयटीतली मुलं, चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर. समोर चौरंगावर चिमाजी महाराज. खांद्यावर उपरणं, कानात ब्लूटूथ.

“प्रोग्रॅम म्हणजे काय? घर. घरात देव्हारा कुठे हवा? ईशान्येला. तुमच्या मशीनची वास्तूच बिघडलीय, राव. मग इंजिनिअर काय करणार? गुगल करणार.”

हॉल खळखळून हसला. माझा नवरा रविराजही हसला. कितीतरी दिवसांनी.

तो निघोज्याजवळच्या एका कंपनीत आहे. पार्ट तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम कंपनीच्या नव्या लॅपटॉपवर सोर्सपासून बिल्ड करायचं, म्हणजे मूळ कोडवरून पुन्हा तयार करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. मूळ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. बिल्ड व्हायचा, पण चालवायला गेलं की एकच ओळ यायची: अमुक लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी करून ठेवलेलं तयार काम, आपला प्रोग्रॅम ते वापरतो. आणि ती फाइल तर तिथेच होती. रविराजने मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवली होती. “ही बघ. आहे ना? मग त्याला का दिसत नाही?”

डोळ्यांसमोरची वस्तू मशीनला दिसत नाही म्हटल्यावर शिकलेला माणूसही बिथरतो.

महाराजांनी त्याचा लॅपटॉप घेतला. लॅपटॉपवर आणि स्वतःच्या हातांवर लाल कापड पांघरलं. घंटा वाजायला लागली. घंटेआड कीबोर्डची टकटक मला ऐकू येत होती. कापड बाजूला झालं, तेव्हा प्रोग्रॅम चालू होता. हॉलने हात जोडले.

“घरात मूळ नक्षत्रावर कोण आहे?” महाराजांनी विचारलं. नाव नोंदवतानाच घरच्यांच्या जन्मवेळा घेतलेल्या होत्या.

“मुलगी,” रविराज म्हणाला. “दीक्षा. तीन वर्षांची.”

“तिची सावली बापावर नको. काम पक्कं होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. आणि ही विंडो बंद करायची नाही. झाकण मिटायचं नाही, कीबोर्डला हात लावायचा नाही. बंद केलीत की दोष परत.”

शेजारी स्वप्नाली बसली होती, अंगावरचं बाळ घेऊन. तिच्या नवऱ्यालाही हेच सांगितलं गेलं: बाळ दुसरीकडे ठेवा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाळावर पदर ओढला. निघताना आम्ही नंबर घेतले.

परत येताना उघडा लॅपटॉप मी मांडीवर धरला होता. गाडीवर एरवी तिथे दीक्षा बसते.

दुसऱ्या दिवशी तिला निघोज्याला सासूबाईंकडे ठेवलं. “आमी हाय की,” त्या म्हणाल्या. “बापाची नोकरी ऱ्हायली पायजे. चार दिस पोर हितं खेळंल.” रोज व्हिडिओ कॉलवर दीक्षा विचारायची, “आई, मी बाबांचा लॅपटॉप पाडला का?”

आणि मग एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. बॅटरी संपली, लॅपटॉप बंद पडला. पुन्हा चालू केला तर पुन्हा तेच: सापडत नाही. महाराजांनी पुन्हा कापड घातलं, पुन्हा चालवून दिलं. या वेळी म्हणाले, निघोजे फार जवळ आहे, पोरगी लांब पाठवा. माझं माहेर अंबाजोगाईचं. रविराज बसची तिकिटं बघायला लागला.

तो आंघोळीला गेला आणि मी कीबोर्डला हात लावला. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय. बाळंतपणात नोकरी सुटली, डोकं नाही. त्या काळ्या विंडोत वरच्या बाणाचं बटण दाबलं की आधी टाइप केलेल्या ओळी परत दिसतात. दाबलं. महाराजांचा चमत्कार समोर आला. एक ओळ. त्यात एका फोल्डरचा पत्ता.

लायब्ररी शोधायला मशीन ठरलेल्या दोन-चार जागीच जातं. कंपनीने तिथे लिहायची परवानगी दिली नव्हती, म्हणून रविराजने ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवली होती. बुवाने मशीनला तो पत्ता सांगितला, पण फक्त त्या विंडोपुरता. दूधवाल्याला आजच्यापुरतं तोंडी सांगावं, पिशवी शेजाऱ्यांकडे ठेव. उद्या नवा माणूस आला की तो पुन्हा आपल्या बंद दारावर. म्हणून विंडो बंद करायची नाही. म्हणून पुन्हा बुवाकडे जायचं.

रविराज टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. मी विंडो बंद केली. नवी उघडली, प्रोग्रॅम अडला. ती ओळ टाइप केली, चालला.

“महाराजांचाच मंत्र आहे ना तो,” तो म्हणाला. “त्यांनी सिद्ध केला म्हणून चालला.”

मी लायब्ररी उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. महाराजांची ओळ चालली नाही. नवा पत्ता घातला, चालली. मग तो पत्ता प्रोग्रॅमच्या आतच बसवून पुन्हा बिल्ड केला. मशीन बंद करून चालू केलं. ओळीशिवाय प्रोग्रॅम चालला.

“आता कुठलं नक्षत्र आहे, सांग.”

त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं. “तिला आणू या,” एवढंच म्हणाला.

दीक्षा घरी आहे. पण सकाळी लॅपटॉप उघडेपर्यंत रविराज तिच्याकडे बघत नाही. मी विचारलं तर म्हणतो, “सवय गं.” त्याला सगळं कळलंय आणि तरी तो बघत नाही. याच्यावर कुठली ओळ टाइप करायची, मला ठाऊक नाही.

हॉल अजून भरतो. मी दारात उभी राहून दोघातिघांना सांगितलं. एक जण म्हणाला, “ताई, तुमचं झालं ना काम? मग आमच्या पोटावर का पाय देता?”

कापडाखाली होतं ते काम भक्तांनी बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे. कापड काढायला सांगा. न काढल्यास उठून या. फाइल सापडत नसेल तर ती कुठे ठेवलीय ते विचारा; घरात कोण कधी जन्मलं ते नाही.

स्वप्नालीचा फोन बंद येतोय. ती मारुंजीत भाड्याने राहते, नवरा हिंजवडीत कामाला. त्या हॉलवर दोनदा विचारलं, कुणी पत्ता दिला नाही. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर शेजारपाजारी जरा विचारा. आणि बाळ तिच्याजवळ आहे का, तेवढं बघून या.