भुलाबाईच्या दारी मुखवटे

"पोरी, एका साली टिपऱ्या थांबल्या, की दुसऱ्या साली लेकरांना गाणी येत नाहीत बरं." शेजारच्या कुमुदकाकू भारंबे म्हणाल्या, तेव्हा आश्विनातलं केशरी ऊन जिना उतरत होतं. केतकी हसली होती. "काकू, भुलाबाई पुढच्या वर्षी करू की. यंदा आमच्या ओवीच्या वर्गातल्या सगळ्याजणी हॅलोविन करताहेत. ती एकटी पडायला नको."

एकटी पडायला नको. शिकल्यासवरल्या, सावध आईची ही एवढीशी भीती. कापसासारखी शुभ्र, कापसासारखी मऊ, आत सरकी कठीण.

कोजागरीची सांज आली. जळगावच्या त्या चारमजली इमारतीवर दुग्धधवल चंद्र उगवला. तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या घरी, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात, मातीची हरिद्राकांती भुलाबाई आपल्या भुलोजीशेजारी मुकाट बसली होती. समोर काकू, मांडीवर झाकणबंद डबा. गाणी संपली की डबा वाजवायचा, मुलींनी नादावरून खाऊ ओळखायचा, ही दर सालची रीत. केतकीचं ते बोलणं काकूंनी हसण्यावारी नेलं होतं; बेत खरंच बदलल्याचा निरोप मोबाइलच्या ग्रुपवर गेला होता. काकू ग्रुपवर नव्हत्या. केतकीला ते ठाऊक होतं; दोन पावलं जाऊन सांगणं तेवढं जिवावर आलं होतं.

मग आले मुखवटे. कृष्णवस्त्र, रक्तौष्ठ, कवटीमुख चिमुकले.

काकू हरखल्या. "आल्या गं बाई. सोंगं घेऊन आल्या होय यंदा?" त्यांनी डबा कानाशी खुळखुळवला. "ओळखा."

"चॉकलेट नाहीये वाटतं," एक कवटी म्हणाली. "चला, पुढच्या दारी."

सर्वांत मागचं पांढरं भूत थबकलं. गेल्या साली याच ओवीने फुटाणे नुसत्या नादावरून ओळखले होते. तिने आईकडे पाहिलं. जिन्याच्या वळणावरून केतकीने मान हलवली. नको, मैत्रिणी हसतील.

भूत गेलं. चांदणं राहिलं, आणि त्या चांदण्यात काकूंचा उचललेला हात.

सकाळी केतकीने घंटा वाजवली. साखळी न काढता दार बोटभर उघडलं. "काही काम होतं का, ताई?" आठ वर्षं जी पोरी होती, ती एका रात्रीत ताई झाली. त्यानंतर तिच्यासाठी दार बोटभरही उघडलं नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तिकडे कधी गेलात, तर तिसऱ्या मजल्यावर डावीकडची घंटा वाजवा. काकू नीट जेवतात का, बघा. कुणी धाडलं ते सांगू नका. लगेच परतू नका. गुडघे धरून चालतात त्या, वेळ लागतो. हल्ली दिवा सातलाच मालवतात. मग साऱ्या उजळलेल्या इमारतीत तेवढीच एक खिडकी, काळी, निःस्वर, पडलेल्या दाताच्या जागेसारखी, पहाटेपर्यंत उघडी असते.