भिंत कुणाची, खिळा कुणाचा

भाड्याच्या घरात खिळा ठोकणं ही काय चीज असते, ते ज्यांनी भाड्यानं दिवस काढलेत त्यांनाच विचारा! मास्तर आणि सिस्टर लग्न झाल्यापासून ज्या दोन खोल्यांत राहत होते, तिथे घरमालकीण काकूंचा एकच कायदा होता. विचारल्याशिवाय भिंतीला खिळा लावायचा नाही. विचारलं, की काकू स्वतः जिना चढून यायच्या, बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघायच्या आणि मान हलवून खाली जायच्या. म्हणजे नाही. सगळ्या घरात मिळून एकच खिळा होता, तोही आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला. त्यावर मास्तरांची छत्री, सिस्टरचा गणवेश, पिशव्या, कॅलेंडर असा सगळा संसार लोंबत असायचा. सिस्टरनी काकूंचं नाव ठेवलं होतं खिळाबाई.

"आपलं घर होऊ दे एकदा," सिस्टर म्हणायच्या, "वाट्टेल तिथे खिळे ठोकीन. जिथे काही टांगायचं नसेल तिथेही ठोकीन!"

"ठोक की," मास्तर हसायचे. "आपल्या घरात तुला कोण विचारणार?"

मास्तर शाळेत भाषा शिकवत आणि सिस्टर मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. मास्तरांचा 'आम्ही' आणि 'आपण' यांच्या फरकाचा तास शाळेत गाजलेला होता. "आम्ही जेवतो म्हटलं, की ऐकणारा उपाशी!" ते फळ्यावर खडू आपटून सांगायचे. "आपण जेवतो म्हटलं, की त्याचंही ताट वाढलेलं. 'आपण'मध्ये ऐकणारा आत, 'आम्ही'मध्ये तो बाहेर!" मुलं हा धडा जन्मात विसरायची नाहीत. विसरले ते मास्तरच.

घर शोधता शोधता दोघांचे जोडे झिजले. खोल्या मनासारख्या असल्या तर स्वयंपाकघरात वळायला जागा नसे, आणि स्वयंपाकघरही पसंत पडलं, की किंमत ऐकून दोघं मुकाट्यानं जिना उतरत. शेवटी एक घर जमलं. मागच्या खोलीला मोठी खिडकी होती. मास्तरांनी तिथे आपलं लिहायचं टेबल मनातल्या मनात मांडूनही टाकलं. सुरुवातीची मोठी रक्कम सिस्टरच्या साठवणीतून गेली. त्यासाठी त्यांनी रात्रपाळ्या मागून घेतल्या होत्या. बाकीचं कर्ज मास्तरांच्या पगारावर निघालं, आणि बँकेनं जामीनदार मागितला तेव्हा सिस्टरनीच सही केली.

घर दाखवणारा एजंट मोठा गोडबोल्या होता. तो मास्तरांना म्हणाला, "मॅडमचं नाव कशाला अडकवता? दोन नावं म्हणजे दुप्पट कागद, दुप्पट हेलपाटे. आणि घर काय, आपलंच असतं ना शेवटी!"

मास्तरांना ते पटलं. हेलपाटे कुणाला हवे असतात?

सिस्टरनी एकदाच विचारलं. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, वर न बघता. "अहो, कागदावर माझंही नाव घालायचं ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे? तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

वाचकहो, हा प्रश्न नसतो, हे कुलूप असतं. 'नाही' म्हणावं तर बाई वाईट ठरते, 'आहे' म्हणावं तर बाईचं तोंड बंद होतं. किती घरांत हे कुलूप लावलं जातं, याचा आपण कधी विचार केलाय? सिस्टर म्हणाल्या, "आहे हो." आणि घड्या घालत राहिल्या.

नोंदणी कचेरीत त्या दिवशी ही गर्दी! सिस्टर रात्रपाळी संपवून तशाच आल्या होत्या. आपल्या घराची नोंदणी डोळ्यांनी बघायची म्हणून मागच्या बाकावर बसल्या होत्या. ऐनवेळी एजंटनं ठरवलेला एक साक्षीदार आलाच नाही. एजंट इकडेतिकडे बघायला लागला, आणि त्याची नजर बाकावर गेली.

"वहिनी आहेत की! या, या, एक सही करून टाका."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"यांची बायको."

"ते झालं हो. या कागदावर आपण कोण?"

सिस्टरनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर अंगठ्याची शाई पुसत होते. "साक्षीदार, साक्षीदार," एजंट घाईनं म्हणाला, "लिहा साहेब."

काय म्हणावं याला! कर्जाच्या कागदावर जामीनदार आणि घराच्या कागदावर साक्षीदार. कर्ज बुडालं तर सिस्टर पुढे, घर मिळालं तर सिस्टर बाजूला. त्यांनी वळणदार सही केली. कारकून कौतुकानं म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं."

नव्या घरात सामान लागलं, तेव्हा मास्तरांनी मोठ्या हौसेनं हातोडी आणली. "घे. ठोक कुठे ठोकायचा तो खिळा!"

सिस्टर भिंतीपाशी गेल्या. खिळाबाईंसारखं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं आणि वळून म्हणाल्या, "इथे ठोकला तर चालेल का?"

"अगं, मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? भिंत तुमची आहे."

मास्तर पोट धरून हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. पण खिळा काही ठोकला गेला नाही. हातोडी फळीवर पडून राहिली. दुसऱ्या दिवशी कपाट इथे ठेवलं तर चालेल का, तिसऱ्या दिवशी पडदे निळे आणले तर चालतील का. आणि खोटं कशाला बोला, मास्तरांना ते विचारणं हळूहळू आवडायला लागलं! होकाराची मान हलवण्यात एक गोडी असते, ती त्यांना लागली. निळे नकोत, पांढरेच असू देत, असं एकदा सांगूनही झालं. भाड्याच्या घरात ज्या मानेवर आपण हसायचो, तीच मान आता आपल्या खांद्यावर बसलीय, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

एक गोष्ट मात्र सिस्टरनी न विचारता केली. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं जेमतेम उजेड दिसायचा. दवाखान्यातून त्यांना एकटीच्या खोलीवर कसं सोडायचं? सिस्टर आईला थेट घरी घेऊन आल्या आणि मागच्या खोलीत निजवलं. तिथलं मास्तरांचं टेबल बाहेरच्या खोलीत, चपलांच्या शेजारी आलं.

संध्याकाळी मास्तर शाळेतून आले ते त्या टेबलाला अडखळले. तपासायच्या वह्या जमिनीवर पसरल्या.

"हे टेबल कुणी हलवलं?"

"मी. आई आलीय. थोडे दिवस राहील."

"कुणाला विचारून?"

सिस्टर वाकून वह्या गोळा करू लागल्या. उत्तर न मिळाल्यानं मास्तरांचा पारा आणखी चढला, आणि मग ते वाक्य बाहेर पडलं. "माझ्या घरात मला न विचारता काहीही चालणार नाही! पटत नसेल तर दार उघडं आहे!"

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. पण सुटलेला शब्द मागे घेता येतो का?

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नोटीस किती दिवसांची?"

"काय?"

"भाडेकरूला काढायचं तर नोटीस देतात. खिळाबाईंनीसुद्धा दिली असती. मला किती दिवसांची?"

तेवढ्यात आतून भिंत चाचपडत सासूबाई आल्या. पिशवी हातात उलटी धरली होती, पायात चप्पल एकच होती. "चल ग पोरी," त्या म्हणाल्या, "मला माझ्या खोलीवर पोचव. मास्तरांना लिहायला टेबल लागतं." कुठल्या दिशेला दार आहे, तेही त्यांना कळत नव्हतं. सिस्टरनी दुसरी चप्पल शोधून त्यांच्या पायात घातली. दाराशी थांबून मास्तरांना एवढंच म्हणाल्या, "आपलं घर, आपलं घर म्हणत होतात. 'आपण'मध्ये ऐकणारा आत असतो ना, मास्तर? मी इतके दिवस बाहेरच उभी राहून ऐकत होते."

त्या गेल्या. आठवडा उलटला तरी परतल्या नाहीत. मास्तरांनी आधी राग केला, मग वाट पाहिली, मग दवाखान्यात जाऊन चौकशी केली, तेव्हा कळलं की मायलेकींनी जुन्या दोन खोल्याच पुन्हा भाड्यानं घेतल्यात. स्वतःचं घर सोडून बाई पुन्हा खिळाबाईंची भाडेकरू झाली होती! मास्तर तडक तिथे गेले. सिस्टर कामावर होत्या. खाली काकू उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"या, घरमालक," काकू म्हणाल्या.

मास्तर ओशाळले. "काकू, तुम्ही तरी तिला समजवा. रागात माणूस बोलतो. घर काय तिचं नाही? नाव कुणाचं का असेना, घर आपलंच आहे ना!"

"आमचे हे पण अस्संच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "चांगला होता हो माणूस. कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. आपलंच आहे, आपलंच आहे म्हणत गेला, आणि नाव घालायचं राहून गेलं. तो गेल्यावर धाकटे दीर आले. तेही प्रेमानं बोलले. म्हणाले, वहिनी, राहा तुम्ही, आम्ही काही बाहेर काढत नाही. मास्तर, तुम्ही भाषेची माणसं. सांगा बरं, स्वतःच्या घरात 'राहा' असं कुणी कुणाला म्हणतं का?"

मास्तरांनी नकाराची मान हलवली.

"माझी निम्मी हयात कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली. मग कुठे या भिंती माझ्या झाल्या. म्हणून भिंतीत खिळा गेला, की माझ्या काळजात जातो. तुम्ही नवराबायको मला खिळाबाई म्हणायचात. ठाऊक होतं मला, तुमचा आवाज जिन्यात यायचा."

"काकू, माफ करा..."

"माझी नका मागू! आणि दुसरं सांगते. चांगला नवरा आहे म्हणून नाव नको, असं बायकांना शिकवतात. अहो, वाईट नवरा कुठे नाव घालतोय? नाव घालायचं ते चांगल्या नवऱ्यानंच घालायचं असतं, आणि ते तो चांगला आहे तोवरच!"

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फळ्यासमोर उभं राहून आपण इतकी वर्षं पोरांना काय शिकवलं, आणि घरी येऊन काय केलं! शाळेतला खडू शाळेतच ठेवून यायचो आपण, हे त्यांना त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. ते सिस्टरची वाट बघत जिन्यावर बसून राहिले.

सिस्टर आल्या, तेव्हा ते उठून म्हणाले, "घरी चल. तुझं नाव घालतो."

"घालतो म्हणू नका, उपकार केल्यासारखं वाटतं. आणि आधी नाव, मग मी."

आता हेलपाटे दुप्पट नाही, चौपट झाले. बँकेची परवानगी, नवे कागद, नव्या सह्या. जे सुरुवातीला एका ओळीत झालं असतं, त्यासाठी वकील गाठावा लागला. पुन्हा तीच कचेरी, तोच कारकून. या वेळी साक्षीदार म्हणून काकू आल्या होत्या.

"बक्षीसपत्र आहे तर," कारकून कागद उलटत म्हणाला. "पतीकडून पत्नीला अर्धा हिस्सा बक्षीस. अभिनंदन बाई!"

"माझंच मला बक्षीस!" सिस्टर म्हणाल्या.

कारकुनाला वाटलं, बाईंना आनंद झालाय. मास्तरांना तसं वाटलं नाही. ते मान खाली घालून सही करत होते.

त्याच दिवशी सिस्टर घरी आल्या. फळीवरची हातोडी उचलली, कुणाला न विचारता, भिंत न ठोकून बघता, बाहेरच्या खोलीत अगदी समोरच्या भिंतीत खिळा ठोकला.

"काय टांगायचंय?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"काही नाही."

मागच्या खोलीत परत गेलेलं टेबल मास्तरांनी कायमचं बाहेर काढलं, पलंग घातला, निळे पडदे लावले. सासूबाईंची पट्टी एव्हाना निघाली होती, त्यांना सुईत दोरा ओवण्याइतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं. मास्तर स्वतः त्यांना आणायला गेले, पाया पडले. म्हणाले, "आई, झालं गेलं विसरा. लेकीचं घर बघायला चला. तुम्ही ते अजून पाहिलंच नाही."

म्हातारीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मनात राग नव्हता तिच्या.

"पाहिलं नाही, खरंय," ती म्हणाली. "पण ऐकलंय मी ते घर. नको आता."

सासूबाई कधीच आल्या नाहीत. मागच्या खोलीतला पलंग तसाच राहिला.

म्हणून सांगतो, नवं घर घेणाऱ्या बाबांनो आणि बायांनो! 'आपलं' हा शब्द बोलायला फार गोड आहे, पण नोंदणी कचेरीत त्याला कुणी विचारत नाही. तिथे नाव लागतं. घर दोघांच्या घामातून उभं राहत असेल, तर पहिल्या कागदावर, पहिल्या दिवशी दोघांची नावं घाला. विश्वास आहे म्हणून नाव टाळू नका, विश्वास आहे म्हणूनच नाव घाला. मास्तरांनी नंतर घातलंच की, पण त्याला बक्षीस म्हणावं लागलं, आणि तोवर जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं.