मारुंजीचा साकुरा

त्या वर्षी मारुंजीतल्या सोसायटीत वसंत कार्यकारिणीच्या ठरावाने यायचा होता. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, सकाळी नऊ ते अकरा, नाश्त्यासह. पाण्याच्या टँकरवरून ज्यांचं सहा वर्षांत एकमत झालं नव्हतं, त्यांचं ऋतूवरून सहा मिनिटांत झालं.

उत्सवाला ‘ब्लॉसम संडे’ असं नाव मिळालं. सोसायटीची चिटणीस जुईली हिने वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक डॉ. अनसूया पेठकर यांच्याकडे माहितीपत्रकासाठी एक पान मागितलं. विषय होता : पुण्यात वसंताची फुलं कुठे पाहावीत.

‘‘एकदम सोप्पं लिहा हं, मॅडम. पाच स्पॉट, पार्किंग कुठे, फोटो कुठून छान येतो. बास.’’

अनसूयाबाईंनी अकरा पानं लिहिली. पहिल्या तीन पानांत ‘स्पॉट’ या कल्पनेचे यथासांग दिवस घातले होते. पुढच्या दोनांत, रस्तोरस्ती गुलाबी टॅबेबुया लावून तिला चेरी म्हणणाऱ्या नगरांच्या सौंदर्यदृष्टीची उत्तरीय तपासणी होती. सातव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, चौथी टीप होती : ‘सोसायटीच्या मागील फाटकाजवळची काटेसावर पर्णहीन असली तरी मृत नव्हे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती फुलते. तस्मात् तिला उपद्रव होऊ नये.’

हा सगळा लेख त्यांनी खरं तर या टिपेसाठीच लिहिला होता. पण महत्त्वाची गोष्ट वाचकाच्या ताटात आयती वाढायची नसते, त्याने ती शोधून मिळवायची असते, अशी त्यांची चाळीस वर्षांची शिस्त होती.

त्या सावरीचं पहिलं फूल कोणत्या दिवशी उमलतं, याची नोंद बाई बावीस वर्षं ठेवत होत्या. इथे भातखाचरं होती तेव्हापासून. खाचरांवर इमारती उठल्या तेव्हा त्यांनी निवृत्तीची पुंजी ओतून पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, कारण झाडाचा शेंडा नेमका त्या खिडकीसमोर येत होता. वसंत खरोखर अलीकडे सरकतो आहे का, हे सांगायला एकाच झाडाची अखंड नोंद लागते. अशी अखंड नोंद त्यांच्या माहितीत मुळशी तालुक्यात दुसरी नव्हती. यंदाची तेविसावी नोंद चार-सहा दिवसांवर आली होती.

सतरा फेब्रुवारीला सकाळी त्यांनी खिडकी उघडली, तर सावरीभोवती बांबूची परांची बांधलेली. वर दोन माणसं फांद्यांवरच्या टपोऱ्या कळ्या मोडून गोणीत टाकत होती. खाली खोकी रचलेली होती आणि खोक्यांतून गुलाबी प्लास्टिक ओसंडत होतं.

बाई चपला न घालता खाली गेल्या.

खाली अध्यक्ष दिग्विजय उभे होते. हातात कॉफीचा कप, चेहऱ्यावर लोकार्पणाचं तेज.

‘‘या मॅडम! सरप्राइज होतं. हे मेलेलं झाड नुसतं उभं होतं ना, आपण त्याचा साकुरा करतोय, जपानी चेरीचा बहर. अख्ख्या हिंजवडी पट्ट्यात कुणाकडे नाही.’’

‘‘ते झाड जिवंत आहे.’’

‘‘मॅडम, एक पान नाहीये त्याला.’’

‘‘फुलण्यापूर्वी ते पानं टाकतं. तुमच्या डोक्यावर तोडताहेत त्या कळ्या आहेत.’’

दिग्विजय मागे उभ्या असलेल्या जुईलीकडे वळले. ‘‘तू तर म्हणालीस, त्या गाठी म्हणजे कीड आहे.’’

‘‘पेस्ट कंट्रोलवाल्याला फोटो पाठवला होता, सर. तो म्हणाला, असू शकते.’’

‘‘मी लेखी दिलं होतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सातवं पान. चौथी टीप.’’

जुईली मनापासून ओशाळली. ‘‘मॅडम, तुमचं आर्टिकल मी सुरू केलं होतं. खरंच. पण दुसऱ्या पानावर वाटलं की तुम्ही आम्हाला शिव्या देताय.’’

निदान वाचनशक्ती शाबूत आहे, असं बाईंच्या ओठांवर आलं. तेवढ्यात परांचीवरच्या दोघांपैकी एक, शेजारच्या घोटावडे गावचा कैलास, सरसर खाली उतरला. त्याचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते.

‘‘आवो, म्या आदीच इचारलं व्हतं. मेलेल्या झाडाला कळ्या कुटनं आल्या? सायेब म्हनले, तुला काय कळतंय.’’

‘‘मग तोडल्यास कशाला?’’ बाई कडाडल्या.

‘‘तुमच्यासारखी शिकलेली मान्सं हितं ऱ्हात्यात. वाटलं, काय तरी शास्तर आसंल. तुमी वरच ऱ्हाता न्हवं? बाई, येवडं लिव्हत बसण्यापरीस खिडकीतनं नुसतं आरडायचं, ‘सावर जित्ती हाय!’ म्या कशाला हात लावतोय?’’

या प्रश्नाला अकरा पानांत कुठेही उत्तर नव्हतं. बाईंनी वर, शेंड्यावर उरलेल्या कळ्यांकडे पाहिलं.

‘‘राहिलेल्या कळ्यांना हात लावायचा नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘अर्धा साकुरा कसा दिसेल मॅडम?’’ दिग्विजय कळवळले.

‘‘मी तर आता वर जात न्हाई,’’ कैलास म्हणाला. ‘‘जित्त्या झाडावर पलाष्टिक बांधायचं म्हंजी लई झालं. तुमी चढा, सायेब. काटं जपून.’’

दिग्विजयांनी खोडावरचे काटे पाहिले, मग आपले बूट पाहिले. फोनमधून झाड न्याहाळून म्हणाले, ‘‘वरचा भाग तसाही फ्रेममध्ये येत नाही. राहू दे. पण मॅडम, रविवारी तुम्ही दोन शब्द बोलायचे. पाहुणे येणार आहेत.’’

विद्यापीठाच्या व्यासपीठांना नकार देत आलेल्या बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळ्यांची गोणी मागितली. कैलासने मान खाजवली. ‘‘कालच्या दोन गोण्या घरच्या शेरडांनी खाल्ल्या की.’’

एकवीस तारखेला सकाळी पावणेसातला, खिडकीसमोरच्या फांदीवर पहिलं फूल उमललं. लालभडक, मांसल, वाटीसारखं. साळुंक्यांची त्यावर झुंबड उडाली. बाईंनी वही उघडली, पेन टेकवलं आणि उचललं. हे पहिलं होतं कशावरून? आदलं एखादं फूल घोटावड्यात शेळीच्या पोटात उमललं असेल. बावीस वर्षं प्रामाणिक राहिलेल्या वहीत सोयीची तारीख भरणं त्यांना जमेना. सोयीचं खोटं खपवण्याच्या ज्या गुन्ह्यासाठी त्या समाजाला रोज सकाळी मनातल्या मनात शिक्षा ठोठावत, तोच स्वतःच्या अक्षरात करायचा? त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली. मालिका तुटली.

रविवारी तीनशे माणसं जमली. प्लास्टिकखाली रांग लागली. पहिला फोटो पाहुण्यांचा झाला. दिग्विजयांनी जपानच्या संस्कृतीविषयी, तिथे कधीही न गेलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने, भाषण केलं. मग माईक बाईंच्या हातात आला. रात्री तयार केलेलं, प्रत्येक वाक्यात सुरी लपवलेलं भाषण त्यांच्या पिशवीत होतं. त्यांनी ते काढलंच नाही.

‘‘हे झाड जिवंत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर बघा.’’

तीनशे डोकी एकदम वर झाली. शेंड्यावर त्या दिवशी चाळीसेक फुलं पेटली होती. नेमका त्याच क्षणी, फुलांच्या आणि लोकांच्या मधोमध, समूहचित्रासाठी मागवलेला ड्रोन घरघरत येऊन स्थिर झाला. साळुंक्या भर्रकन उडाल्या. तीनशे माणसांनी हसून त्याला हात हलवले.