गोधडी नाही धुतली

"हा आवाज तुमचाच हाये का, तेवढं सांगा," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल सतरंजीवर मधोमध ठेवला.

मारुतीच्या देवळात भजनी मंडळाच्या अकरा बायका बसल्या होत्या. मोबाइलमधून आधी गिटारचा जाड, उड्या मारणारा ठेका आला, मग ड्रम, मग एका मुलीचा कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज. आणि त्यात मध्येच झुंबरबाईचा उघडा गळा:

सावळ्या, तुया वासाची गोधडी नाही धुतली,
कापसावानी रात म्या एकलीनं पिंजली.

"माहाच हाये," झुंबरबाई म्हणाली.

झुंबरबाई देऊळघाटच्या अंगणवाडीत मदतनीस. वय एकोणसाठ. तीस वर्षं तिनं पोरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली आणि दर गुरुवारी मंडळात पुढं बसून ही गवळण म्हटली. सावळा म्हणजे देव आणि वास म्हणजे तुळशी-बुक्क्याचा, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. गेल्या दिवाळीत गावातल्या शिक्षकांची मुलगी समता पुण्याहून आली. ती गाणी करायची. अंगणवाडीच्या पायरीवर बसून तिनं गवळण मोबाइलमध्ये भरून घेतली आणि आपल्या गाण्यात घालू का, असं विचारलं. त्या प्रकाराला फंक-पॉप म्हणतात, हेही सांगितलं. झुंबरबाईला फंकी ठाऊक होती, पोट दुखलं की तोंडात टाकायची ओव्याची. ती हो म्हणाली.

आता ते गाणं बुलढाण्यापर्यंतच्या ऑटोंमध्ये वाजत होतं. समता त्यात 'सावळ्या' असं काही म्हणायची, की ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावत.

उत्तमराव मंडळाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट काढून ठेवली होती. देवाचं गाणं न विचारता नेलं, एवढं झुंबरबाईनं लिहून द्यायचं. मग ते गाणं काढायला लावता येईल, आणि तिची गुरुवारची जागा तिचीच राहील. अर्ज तयार होता, फक्त सही हवी होती.

झुंबरबाईनं अर्ज बोट ठेवत सावकाश वाचला.

"तिनं इचारलं होतं," ती म्हणाली. "अन् हे देवाचं नाही. आमचे हे खामगावले कापसाच्या जिनिंगवर जायचे, दिवाळीपासून होळीलोक. तवा मी हे गाणं जोडलं. गोधडी खरीच नाही धुतली."

इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या जनकाबाईनं टाळाची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. उत्तमरावांनी अर्जाची घडी केली. मग काही दिवस येऊ नका, एवढंच म्हणाले.

निवृत्तीला, तिच्या नवऱ्याला, हे सगळं, गवळण आपल्यावरच जोडलेली होती हेही, दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कळलं. जिनिंगच्या घरघरीत बावीस हंगाम काढून त्याचे कान गेले होते, त्यामुळे त्याला ओरडून सांगावं लागलं. घरी येऊन तो चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"मले काऊन नाही सांगतलं?"

लाज वाटे, असं झुंबरबाई म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

गुरुवारी देवळात तिच्याविना भजन सुरू झालं. ती घरात डाळ निवडत बसली होती. निवृत्ती समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या रुबिनाचा मोबाइल मागून घेऊन आला. गाणं तिनंच लावून दिलं होतं. त्यानं तो कानाला गच्च लावला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

"निस्ता ढोल आयकू येते," तो म्हणाला. "बोल नाही येत. तू सांग."

झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं. चाल त्याच्यापर्यंत पोचली नसती. ती त्याच्या कानाशी वाकली आणि अंगणवाडीत पोरांची हजेरी घ्यावी तसा एकेक शब्द सुटा, मोठ्यानं उच्चारू लागली. गल्लीतली दारं उघडीच होती. समोरचं शिवणयंत्र थांबलं.

"तुया. वासाची. गोधडी. नाही."

"काय नाही?" निवृत्तीनं विचारलं.

"धुतली," झुंबरबाई आणखी मोठ्यानं म्हणाली.